सोप्या फजचे कठीण प्रकरण

नाताळची सुटी लागली, की शिरवण्याच्या अंगावरून जाणाऱ्या शीव-पनवेल महामार्गावर जी वर्दळ उसळते, तिचे स्वरूप निव्वळ दळणवळणाचे नसते. तो एक सामुदायिक आणि स्वखुशीचा वनवास असतो. मुंबईतल्या ज्या मोटारी घाट चढण्यास समर्थ असतात त्या, आणि ज्या नसतात त्याही, पहाटेपासून कळंबोलीच्या रोखाने धावू लागतात. आणि चार-दोन दिवसांनी, धुळीने माखलेल्या व आतल्या मुलांच्या भांडणांनी दणाणलेल्या अशा त्याच मोटारी परतू लागल्या, म्हणजे प्रत्येकीच्या मागच्या काचेपाशी चिक्कीची पुडकी रचलेली दिसतात आणि त्या पुडक्यांच्या आड एक लहानसे खोके दडवलेले असते. चिक्की सर्वांसाठी असते. ती शेजारी, कचेरीतले सहकारी आणि इस्त्रीवाला यांना मुक्तहस्ताने वाटली जाते. खोक्यात मात्र लोणावळा स्थानकाजवळच्या कूपर यांच्या दुकानातले अक्रोड घातलेले चॉकलेटी फज असते, आणि ते मिळवण्यासाठी कुटुंबप्रमुखाने भर सुटीत रांगेत उभे राहण्याचे तप केलेले असल्यामुळे त्याच्या वाटपाचा प्रश्न औदार्याच्या कक्षेतून निघून वारसाहक्काच्या कक्षेत जातो. भाऊबंदकीला जमीनच लागते असे नाही. पाव किलो फज पुरते.

ज्यांना घाट चढण्याची हौस नाही आणि रांगेत उभे राहण्याचे वय उरलेले नाही, अशा माझ्यासारख्या इसमांना हे खोके दुरूनच पाहावे लागते. आमची इमारत शिरवणे गावठाणाच्या कडेला आहे. महामार्गापलीकडे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पाळ्या आणि अलीकडे गावठाणातल्या आगरी घरांचे ओटे, अशा दोन संस्कृतींच्या मधोमध आम्ही नोकरदार व निवृत्त मंडळी आपापली दारे लावून राहतो. ही दारे उघडतात ती मुख्यत्वे वासामुळे. कोणाच्या घरी काय शिजते आहे याची वर्दी जिन्यात आधी पोहोचते आणि माणसे मागाहून येतात.

अशा या वस्तीत, यंदाच्या सुटीच्या तोंडावर, आमच्या सूनबाईंनी कचेरीतून परतल्याबरोबर अशी घोषणा केली, की फज विकत आणण्याचे काही कारण नाही, ते घरी होते; जिन्नस तीन, वेळ दहा मिनिटे, आणि कौशल्य मुळीच नको. नातीने टाळ्या पिटल्या. माझ्या पत्नीने भाजी निवडता निवडता मान वर न करता एवढेच विचारले, "दहा मिनिटांत? दहा मिनिटांत धड चहा होत नाही आपल्याकडे."

या प्रश्नात केवळ शंका नव्हती, एक संपूर्ण जीवनदृष्टी होती. मराठी घरात पदार्थाची प्रतिष्ठा त्याच्या चवीवर अवलंबून असते असे पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः ती त्यासाठी उपसलेल्या कष्टांवर अवलंबून असते, आणि चव हा त्या कष्टांचा लेखी पुरावा तेवढा असतो. अनारशाचेच पाहावे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज त्यांचे पाणी बदलावयाचे, मग ते निथळून, कुटून, चाळून, गुळाशी मळून त्या पिठाचे गोळे मुरत ठेवावयाचे. आणि एवढा यज्ञ करून तुपात सोडलेला अनारसा ऐन वेळी हसला, की घरातल्या साऱ्या बायकांच्या तोंडचे हसू मावळते. परंतु तो जर जाळी पडून नीट उतरला, तर पाहुणा पहिला घास घेतल्यावर 'किती छान' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'केवढा हा खटाटोप केलात!' आणि गृहिणी पदराने कपाळ टिपत 'छे, त्यात काय' असे उत्तर देते. हा संवाद म्हणजेच खरा फराळ होय. आता ज्या पदार्थाला दहा मिनिटेच लागतात, त्याच्या बाबतीत 'छे, त्यात काय' हे उत्तर विनयाचे न राहता निव्वळ सत्य ठरते, आणि सत्याने आजवर कोणत्याही यजमानिणीची शोभा वाढवलेली नाही.

हा पदार्थ मुळात तरी सोपा होता काय, याची मी दप्तरी सवयीने चौकशी केली. त्याच्या जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक अमेरिकेतल्या व्हॅसर महाविद्यालयाच्या एमलिन हार्ट्रिज नावाच्या विद्यार्थिनीच्या पत्रात सापडतो. १८८६ साली बाल्टिमोर शहरात फज पौंडाला ४० सेंट या भावाने विकले जात होते, आणि त्याची कृती हस्तगत करून या बाईंनी १८८८ साली महाविद्यालयातल्या एका लिलावासाठी ३० पौंड फज सिद्ध केले, असा त्यात मजकूर आहे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोहून किंचित अधिक. स्त्रीशिक्षणाला विरोध करणारे आपल्याकडचे त्या काळचे सनातनी पुढारी मुली शिकल्या तर चूल विसरतील अशी भीती घालीत असत. त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला शिकणाऱ्या मुली वसतिगृहात चूल नसतानाही मिठाई रांधत होत्या, ही वार्ता इकडे वेळेवर पोहोचती तर पुष्कळ शाई वाचली असती.

ते मूळचे फज मात्र सोपे खचित नव्हते. साखर, दूध, लोणी आणि चॉकलेट एकत्र उकळून त्यांचे उष्णतामान ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान नेऊन ठेवावयाचे. मग भांडे उतरवून, त्याला बोटही न लावता, ते कोमट होईपर्यंत धीर धरावयाचा. आणि मग हाताला रग लागेपर्यंत घोटावयाचे, ते मिश्रणावरची तकाकी जाईपर्यंत. मधल्या वेळात कोणी उतावळ्याने चमचा फिरवला, तर गरम पाकातली साखर तेथल्या तेथे मोठाले स्फटिक धरते आणि सारा ऐवज वाळूसारखा कचकचतो. निवल्यावर घोटले, तर असंख्य सूक्ष्म स्फटिक एकदम उपजतात आणि जिभेला त्यांचा पत्ता लागत नाही. हे सर्व मी मोठ्या गांभीर्याने वाचून दाखवीत असता पत्नीने मध्येच थांबवून सांगितले, "एवढं लांबण कशाला? गोळीबंद पाक म्हणा की." आणि तिने ओट्यावरची वाटी घेतली, तीत माठातले गार पाणी ओतले, आणि काल्पनिक पाकाचा एक थेंब त्यात सोडून अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये त्याची मऊ गोळी वळून दाखवली. तिच्या त्या दोन बोटांत पाकाच्या उष्णतामानाची सारी मोजपट्टी वंशपरंपरेने चालत आलेली आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद आणि त्यापुढचा कडक, असे तिचे अंश असून ती आजवर कोणत्याही दुकानातून दुरुस्तीला न्यावी लागलेली नाही.

सूनबाईंच्या फजला पाकच नव्हता. त्याला होता एक डबा: आटवलेल्या गोड दुधाचा. गेल बोर्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने दूध निर्वात भांड्यात आटवण्याचे एकस्व १८५६ साली मिळवले, पुढे तिकडच्या यादवी युद्धात सैन्याने ते डबे फस्त केले, आणि तेव्हापासून जगातल्या कैक गृहिणींच्या वाट्याचे ढवळणे कोणत्या तरी कारखान्यात परस्पर उरकले जाऊ लागले. सोपे फज सोपे असते ते एवढ्याचसाठी: त्यातले कष्ट नाहीसे झालेले नसतात, ते विकत घेतलेले असतात. माझ्या पत्नीच्या न्यायासनापुढे हाच मुख्य आरोप होता. "दूध दुसऱ्यानं आटवलं, चॉकलेट दुसऱ्यानं केलं. मग आपण काय केलं?" या प्रश्नाला सूनबाईंनी 'आपण खाल्लं' असे उत्तर दिले, आणि आमच्या घरातल्या सासू-सुनांच्या इतिहासात प्रथमच नात आणि मी एकाच पक्षात जाऊन बसलो.

तजवीज अखेर मंजूर झाली ती सशर्त. पहिली अट अशी, की अक्रोड सोललेले न आणता कवचासकट आणावयाचे, कारण सोललेल्यांना म्हणे खवट वास असतो. दुसरी अशी, की ते वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारातून आणावयाचे. हा बाजार घाऊक आहे. तेथे सुकामेवा गोणीच्या भाषेत बोलला जातो, आणि पाव किलो अक्रोडांची मागणी ऐकून गाळ्यावरचा मुनीम आपल्याकडे ज्या करुणेने पाहतो, ती सहन करण्यासाठी वय आणि निवृत्तिवेतन या दोहोंचा आधार असावा लागतो. जुईनगर अथवा शिरवण्याच्या कोणत्याही किराणा दुकानात तेच अक्रोड मिळाले असते. परंतु त्यात त्रास नव्हता, आणि एव्हाना माझ्या लक्षात आले होते, की ह्या सोप्या पदार्थात त्रासाची रीतसर भरती सुरू झालेली आहे.

अक्रोड फोडण्याचे खाते माझ्याकडे आले. ज्या घरात अडकित्ता असूनही तो सुपारीखेरीज कशाला लावावयाचा नसतो, तेथे अक्रोड दाराच्या बिजागरीच्या फटीत धरून दार हलकेच ओढावे लागते. ओढ कमी पडली तर फळ निसटून पलंगाखाली जाते, अधिक झाली तर गर आणि कवच यांचे असे एकजीव मिश्रण होते, की ते पुढे दातांनीच विभक्त करावे. बेताची पडली, तर आत मेंदूसारख्या घड्यांचा एक अखंड अर्धगोल मिळतो आणि त्या दोन अर्धगोलांमधला कागदासारखा पापुद्रा नखाने उचलून काढल्यावर कडवटपणाचा बंदोबस्त होतो. प्रत्येक आवाजाबरोबर समोरचे दार किलकिले होत होते. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी काहीतरी मोठे चालले आहे, अशी बोलवा तळमजल्यापर्यंत गेली.

मग हरकती व सूचना येण्यास आरंभ झाला. तिसऱ्या मजल्यावर मूळच्या बार्देशातल्या एक शेजारीणबाई राहतात. नाताळात त्यांच्या घरून कुसवाडाचे ताट येते, नेवऱ्या, दोदोल, पेरूचे पेराद, आणि हरभऱ्याची डाळ व नारळ एकत्र आटवून थापलेला दोस. त्यांनी फजची कृती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "आणि ढवळायला कोण बसणार?" ढवळणे नाही असे कळल्यावर त्यांनी सूनबाईंकडे अशा नजरेने पाहिले, की जिला आजीच नव्हती अशी ही मुलगी असावी. दोदोल ढवळताना त्यांच्या माहेरी पुरुषमाणसांनाही पाळी लावीत, हे त्यांनी मुद्दाम माझ्याकडे वळून सांगितले. मी अक्रोडांच्या कामाचा दाखला पुढे केला आणि तो तूर्त स्वीकारला गेला. गावठाणातल्या मावशी नेमक्या त्याच वेळी वर आल्या होत्या. त्यांच्यापुढे साऱ्या प्रकरणाचा खुलासा झाल्यावर त्यांनी डब्यावरचे चित्र पाहिले, डबा हलवून कानाशी धरला आणि निकाल दिला, "मंग त्यान नवीन काय हाय? वडीच हाय ती. आटवायचा नि थापायचा."

येथे मला एक विषयांतर करण्याची मुभा असावी. ज्या १९७० सालच्या मार्च महिन्यात सिडको स्थापन होऊन या मावशींच्या भातखाचरांवर नव्या शहराचे नकाशे पसरू लागले, त्याच साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि मराठी स्वयंपाकघरात वाटी व चमचा यांचे मोजमाप कायम झाले. त्याआधी 'अंदाजाने' हे एकच माप सर्वत्र चालू होते. एका महामंडळाने खाडीकाठच्या जमिनीचे नियोजन केले, एका बाईने डाळ-तांदळाचे; दोहोंपैकी कोणाचे हिशेब अधिक चोख उतरले, याविषयी शिरवण्यात विचारणा केल्यास उत्तर ओगलेबाईंच्या बाजूने पडेल याची मला खात्री आहे.

प्रत्यक्ष कृती ठरल्याप्रमाणे अल्पावधीतच आटोपली. जाड बुडाच्या कढईत लोण्याचा तुकडा, त्यावर डब्यातले दूध, त्यात जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या काळ्या चॉकलेटचे तुकडे, खाली मंद आच. तुकड्यांचे कोपरे आधी मऊ झाले, मग पांढऱ्यात काळ्याच्या रेघा उमटल्या, मग सारे एकरंग होऊन दाटू लागले, आणि पाहता पाहता मिश्रण कढईच्या कडा सोडून उलथन्याबरोबर एका गोळ्याने फिरू लागले. सूनबाईंनी गॅस बंद केला. पत्नीने तो पुन्हा लावला. "अजून आळू दे." "आई, आळायचं नाही यात." "कडा सोडल्या म्हणजे झालं होय? गोळा हाताला चिकटता कामा नये." गॅस आणखी एकदा बंद झाला. शेवटी तडजोड अशी निघाली, की आच सूनबाईंच्या अखत्यारीत राहील आणि वेलदोडा व जायफळ सासूबाईंच्या. त्याप्रमाणे बाल्टिमोरच्या या अपत्याच्या अंगावर जायफळाची पूड भुरभुरली. कृतीत सांगितलेला कागद घरात नसल्यामुळे स्टीलच्या ताटाला तुपाचा हात फिरवून त्यावर गोळा पडला आणि वाटीच्या बुडाला तूप लावून तो थापला गेला. मावशींचा निकाल अंमलात आला तो असा.

पुढे काय करावे, हा खरा बिकट प्रसंग होता. ताट शीतकपाटात गेले, ओटा पुसून झाला, आणि फराळाच्या कामासाठी राखून ठेवलेली सबंध संध्याकाळ शिल्लक उरली. आमच्या घराला अशा रिकाम्या वेळेचा सराव नाही. पत्नीने काही काळ येरझाऱ्या घातल्या, ताट दोनदा उघडून बघितले, त्याला बोट लावून 'अजून लिबलिबीत आहे' असा शेरा मारला, आणि मग एकाएकी नारळ फोडून खोबऱ्याच्या वड्यांचा पाक चढवला. "नुसतं ते फज कसं द्यायचं लोकांना?" असा त्याचा खुलासा होता. खोबऱ्याच्या वडीने पुढचे काही तास तिला सुखात ठेवले.

फज उत्तम झाले होते. ते मऊ होते, दाट होते, अक्रोड दाताखाली बरोबर येत होता, आणि जायफळामुळे त्याला एक घरंदाजपणा आला होता. परंतु पत्नीने पहिला तुकडा दोन बोटांत कुस्करून पाहिला आणि खेदाने म्हटले, "रवाच नाही." हा आक्षेप उथळ नव्हे. ज्या प्रदेशात तूप कणीदार असावे लागते, पेढा रवाळ असावा लागतो आणि बेसनाचा लाडूदेखील टाळ्याला गुळगुळीत लागला तर कच्चा ठरतो, तेथे ज्या मिठाईचा सारा अभिमान कण न लागण्यात आहे, तिला नागरिकत्व मिळणे अवघडच. सूनबाईंच्या मते तो गुण, सासूबाईंच्या मते तो दोष. आणि दोघींनीही आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ एकेक तुकडा आणखी खाल्ला.

वाटपासाठी ताटाचे सरळ आठ भाग पाडण्यात आले, कारण द्यावयाची घरे आठ होती. शाळेत अपूर्णांक नुकतेच झाल्यामुळे नातीने जाहीर केले, की प्रत्येकाला बरोबर साडेबारा टक्के मिळणार. हा आकडा शिरवण्यात जपून उच्चारावा लागतो. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही येथल्या गावठाणांची अर्ध्या आयुष्याची कहाणी आहे. त्या साडेबारांतूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात. प्रत्येक भागाच्या पुन्हा शंकरपाळी आकाराच्या वड्या कापताना कडेचे त्रिकोणी तुकडे उरले, आणि ते कापणाराकडे राहण्याचा शिरस्ता असल्याने नातीने ते जागच्या जागी जमा करून घेतले. मावशींच्या हाती ताटली पडली तेव्हा त्यांनी वड्यांवरून नजर फिरवली, नातीच्या तोंडाकडे पाहिले, आणि मोठ्याने हसत म्हणाल्या, "कागदावर साडेबारा, हातान पावनेनव!" हिशेब पैशापर्यंत बरोबर होता.

खरी परीक्षा झाली ती समोरच्या घरी. तिथल्या काकूंनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि शिरस्त्याप्रमाणे उद्गारल्या, "अगंबाई, किती वेळ लागला असेल याला!" सूनबाई प्रामाणिक आहेत. "दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. काकूंचा दुसऱ्या वडीकडे निघालेला हात वाटेतच थबकला. त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्याला काहीतरी कमी प्रतीचे देण्यात आले आहे, अशी छाया पसरली. माझ्या पत्नीने प्रसंग ओळखला. "दहा मिनिटं ती नुसती आचेवरची हो," तिने शांतपणे सांगितले, "अक्रोड वाशीहून आणले. यांनी एकेक दारात फोडला. सबंध दुपार." हात पुढे सरकला. पुढच्या घरी दुपारची दुपार-संध्याकाळ झाली, त्याच्या पुढच्या घरी आदल्या दिवसापासूनची तयारी निघाली, आणि जिन्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत त्या फजला अनारशाची बरोबरी करता येईल इतके कष्ट पडलेले होते. सूनबाई मागे उभ्या राहून ताटल्या गोळा करीत होत्या. त्यांनी एकदाही हरकत नोंदवली नाही. त्यांच्या कचेरीत त्यांना पुढे मोठा अधिकार मिळेल, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

आता इमारतीतल्या बायकांनी कृती मागितली आहे, आणि ती लिहून देण्याचे काम माझ्या हस्ताक्षरामुळे माझ्याकडे आले आहे. मसुदा पत्नी सांगते. त्यात डबा रद्दबातल झाला आहे. त्याऐवजी तीन लिटर म्हशीचे दूध घेऊन ते घरीच खव्यावर आणावयाचे, म्हणजे लिटरमागे पाव किलोच्या आतबाहेर खवा पडतो. साखरेचा गोळीबंद पाक वेगळा करावयाचा. चॉकलेट त्यात शेवटी घालावयाचे, आणि थोडा रवा राहील अशा बेताने घोटावयाचे. मथळ्यात 'सोपी कृती' हे शब्द सूनबाईंच्या आग्रहावरून कायम ठेवले आहेत. बार्देशच्या बाईंनी मसुद्याला बिनशर्त संमती दिली. मावशींनी मात्र एका बाबतीत खुलासा मागितला आहे, की दूध सकाळच्या धारेचे घ्यावयाचे की संध्याकाळच्या. आणि पत्नीला त्यावर तिच्या सांगलीच्या बहिणीचे मत हवे असल्यामुळे प्रकरण तूर्त तहकूब आहे.